पाणी येऊलालंय

(माहितीपटाचं निवेदन; कंसात पडद्यावरचं दृश्य. अंधारी खोली. खालून उजळलेली काच. काचेवर निळी लाट, अगदी हळू पुढे सरकते आहे.)

ही लाट साडीची आहे. बेळगावातल्या शहापूरच्या मागावर विणलेली, एका आईनं नेसून नेसून विटवलेली साडी. तिचा हातभर तुकडा नागमोडी कापलाय. खालच्या ट्यूबलाइटचा उजेड विणीतून झिरपतो, म्हणून तो कापडासारखा न दिसता पाण्यासारखा दिसतो.

(वरून मोबाइल. एक हात येतो, लाट जेमतेम दोरा-दोन दोरे सरकवतो, मागे होतो. क्लिक.)

पडद्यावरच्या एका सेकंदाला बारा फोटो लागतात. दर फोटोआधी लाट थोडी हलवायची, हात बाहेर घ्यायचा, मग बटण दाबायचं. ही लाट उंबरठ्यापर्यंत पोचायला सहा सेकंद लागतात, म्हणजे बहात्तर फोटो. चार मिनिटांचा पूर्ण भाग करायचा तर 2880. पंखा लावता येत नाही, कागद उडतात. एप्रिल महिना आहे.

(कपाळावरचा घाम. दुपट्ट्यानं पुसला जातो.)

बेळगावच्याच वडगावातल्या या माडीवर चौघं जण मुलांसाठी एक ॲनिमेशन मालिका करतायत. एक जण उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पहिल्या पाळीला जातो. मोबाइलचा हा लोखंडी स्टँड त्यानंच वेल्डिंग करून आणला. एक जण लग्नाचे व्हिडिओ काढायचा. एक बोर्ड रंगवते, एक बालवाडीत शिकवते. मालिकेचा विषय एकच: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांतल्या मुलांना पडणारी वाईट स्वप्नं. प्रत्येक भागात एका मुलाचं एक स्वप्न. गोष्ट मुलाची, चित्र मुलाचं, आवाजही त्याच मुलाचा.

(सतरंजीवर मुलं. खडू, वह्या. एक मुलगी चित्र कॅमेऱ्यासमोर धरते.)

हा बिबट्या आहे. पाठीवर दप्तर आहे त्याच्या.

2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव शहरात खरोखरच बिबट्या शिरला होता. गोल्फ मैदानाच्या झाडीत तो दिसला आणि आसपासच्या 22 शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शोधायला शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलू कॅम्पातून हत्ती आणले. बिबट्या सापडला नाही. मोठी माणसं तो विषय विसरली. ही मुलगी तेव्हा बालवाडीत होती, आणि तिच्या हिशेबानं जो सापडला नाही तो अजून इथंच कुठंतरी आहे. शाळा बंद, मुलं घरी, वर्ग रिकामे. मग बिबट्या कुठं गेला असेल? वर्गात. शेवटच्या बाकावर बसून तो तिची वाट बघतो.

(पुठ्ठ्याचा बिबट्या. जवळून: कोपराला, गुडघ्याला, मानेला दोऱ्याच्या गाठी.)

तिच्या चित्रावरून हा कापला. पुठ्ठा कुंद्याच्या मिठाईच्या रिकाम्या खोक्यांचा आहे. बेळगावात तो कुठल्याही घरात मिळतो. पायाचे तीन तुकडे, शेपटीचे पाच. दोऱ्याची गाठ सैल झाली तर पाय लुळा पडतो, घट्ट झाली तर हलतच नाही. ती नेमकी किती ओढायची हे बोटांना कळावं लागतं. दादासाहेब फाळक्यांनीही कधीकाळी आगपेटीतल्या काड्या अशाच एकेक चौकटीनं सरकवून पडद्यावर नाचवल्या होत्या.

(बिबट्या मान वळवतो. पुन्हा. पुन्हा.)

मान वळवायला एक अख्खी दुपार गेली. पहिल्यांदा केली तेव्हा बिबट्या रागीट दिसला. मुलीनं येऊन बघितलं आणि म्हणाली, "असा नाही तो. तो बोअर झालाय." सगळे फोटो पुसून चौघांनी मान पुन्हा वळवली. आम्ही हे शूट करत होतो. कुणी कुरकुरलं नाही.

(माडीचा जिना. आज्जी बसलीय, मांडीवर नातू पेंगतोय.)

भीती घरातूनही येते, हेही सांगायला हवं. "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल." भिंतीपलीकडच्या कन्नड घरात हाच पाहुणा गुम्मा होतो. इथल्या मुलांना दोघंही ओळखीचे. सोळाव्या शतकातल्या पुरंदरदासांच्या एका पदात बाळकृष्णच यशोदेला विनवतो की गुम्माला बोलावू नको, मी नीट वागेन. इतकी जुनी ही धमकी. आज्जी मायेनंच बोलते, पण मूल तिचं म्हणणं उशाखाली घेऊन झोपतं. मग रात्री ते दचकतं आणि सकाळी मीठ-मोहरीनं दृष्ट निघते.

मूल रात्री दचकतं त्याचे मुख्य प्रकार दोन. झोपल्यावर पहिल्या काही तासांतच किंचाळून उठून बसलेलं मूल खरं तर गाढ झोपेतच असतं. डोळे उघडे असले तरी ते कुणाला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. त्याला गदागदा हलवू नये, पडू-लागू नये इतकं बघावं. ते आपसूक निजतं. वाईट स्वप्न वेगळं. ते बहुधा उत्तररात्री पडतं, मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलत असतात त्या झोपेत. त्यातून जागं झालेल्या मुलाला सगळं आठवतं, आणि ते सांगायचं असतं. ही मालिका त्या सांगण्याची आहे.

(खिडकीतून यंत्रमागांची रांग. खटाखट, खटाखट.)

आता आवाज.

माडीखालच्या गल्लीत दिवसभर यंत्रमाग चालतात. जेवणाच्या सुट्टीत ते थांबतात. रेकॉर्डिंग उरकायचं ते तेवढ्यातच. चार वाकळा दोरीवर टाकून कोपऱ्यात तंबू केलाय, बाहेरचा उरलासुरला आवाज वाकळ खाते. आत माइक, एक बॅटरी, एक मूल. सुपात जोंधळे फिरवले की पाऊस. ओली घोंगडी झटकली की वटवाघळाचे पंख. आणि माग परत सुरू झाले की त्यांचाच आवाज हळू करून बिबट्याच्या छातीत ठेवलाय. चौघांना मागांची ही अडचण वाटायची. बोर्ड रंगवणारीनं ऐकून सांगितलं, हे तर काळीज धडधडतंय.

(वाकळेचा तंबू. फटीतून उजेड. आत लाटेची मुलगी.)

साडीची लाट हिच्या स्वप्नातली आहे. गाव दूधगंगेकाठचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच चढल्या, तेव्हा ही तीन वर्षांची, आईच्या कडेवर. पूर तिला आठवत नाही. घरच्यांनी वर्षानुवर्षं सांगितलेला पूर तिच्या स्वप्नात येतो. पाणी उंबरठा ओलांडतं, चूल विझवतं, माडीच्या पायऱ्या एकेक करून चढतं. ती हाक मारते आणि तोंडातून आवाज फुटत नाही.

त्या हाकेचं वाक्य चौघांनी लिहून दिलं होतं: "आई, पाणी येत आहे." पुस्तकातलं, नीट, शुद्ध.

तिनं तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा धडा वाचल्यासारखं. चौथ्यांदा ती गप्पच बसली. बालवाडीवाल्या ताईनं तंबूत डोकं घालून विचारलं, तुझ्या स्वप्नात तू काय म्हणतेस?

(आवाज, दृश्याशिवाय: "आई... पाणी येऊलालंय.")

हे आम्ही पुन्हा ऐकवतो.

("आई, पाणी येऊलालंय.")

1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याची भांडणं कोर्टात आणि चौकात आजही चालू आहेत, आणि ती लढणारी माणसं सभेत जी मराठी बोलतात ती छापील असते. इथल्या पोराला शाळेबाहेरच्या पाट्यांवर कन्नड दिसतं, टीव्हीवर हिंदी कार्टून, ट्यूशनला इंग्रजी. पुण्या-मुंबईहून येणारी मराठी गोष्टसुद्धा त्याला थोडी परक्या घरची वाटते. पण रात्री दचकून उठल्यावर त्याच्या तोंडून जे निघतं ते करूलालोय, येऊलालंय, पळूलालोय असंच निघतं. या बोलीला हसणारे पाहुणे आम्ही लहानपणापासून पाहिलेत. भ्यालेलं मूल व्याकरण शोधत बसत नाही. त्याच्या भाषेत त्याला कुणी विचारलंच नाही, तर ते सांगणार तरी कसं?

लिहून दिलेली सगळी वाक्यं त्या दिवशी चौघांनी फाडली. आता मुलं बोलतात, आणि मग लिहिलं जातं.

(काच. लाट. पायऱ्या. पुठ्ठ्याची छोटी मुलगी सर्वांत वरच्या पायरीवर.)

शेवट मुलांनी ठरवायचा, हा एकच नियम. जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलायचा आणि तो बदललेला शेवट मनात पुन्हा पुन्हा घोळवायचा, ही वाईट स्वप्नांवरच्या उपचारातली मान्य पद्धत आहे. मुलांना हे कुणी समजावलं नाही. बिबट्याला हजेरीत उत्तर द्यायला लावलंय. पाण्याच्या मुलीनं बराच विचार केला. पूर मागे हटवू का, असं ताईनं सुचवलं, तर म्हणाली, पाणी येतंच. मग तिनं आईची दुसरी साडी मागितली.

(हिरव्या साडीची पट्टी. पायरीपासून पायरीपर्यंत. होडी होते.)

बत्तीस सेकंद, 384 फोटो. मध्येच दोनदा लाइट गेली, उजेडाची छटा बदलली, आणि दोनदा पहिल्यापासून सुरुवात झाली.

पहिले दोन भाग काही शाळांत दाखवून झाले; मुलांनी पुन्हा लावायला सांगितलं, एका ठिकाणी मात्र असले विषय नकोत म्हणून परत बोलावलं नाही.

(पाऊस. कणकुंबीचा रस्ता, मलप्रभेच्या उगमाजवळचं धुकं. शाळेच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्या.)

तिसरा भाग खानापूरच्या जंगलपट्टीतला. इथं अस्वल स्वप्नात यायच्या आधी शेताच्या बांधावर येतं. हा मुलगा तिसरीत आहे. चौघं समोर बसलेत, वही मिटलेली. तो पावसाकडे बघतोय. कुणी त्याला घाई करत नाही.

(बराच वेळ फक्त पाऊस. मग मुलगा: "ते झाडावर बसून माझं नाव घेऊलालंय.")

(वडगावची माडी. काचेवर अस्वल, काथ्याचे केस.)

केस नारळाच्या काथ्याचे आहेत, नखं चिंचोक्यांच्या सालीची. मुलानं सांगितलं त्याप्रमाणे एक कान मोठा केलाय, कारण ते सगळं ऐकतं. दुसरा कान अजून चिकटवायचा आहे.