आपलाच माणूस असेल तर

प्रास्ताविकात आजचा विषय ‘प्रेम की कर्तव्य’ असा सांगितला गेला. मला तो तसा मांडता येणार नाही. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी माणसं ‘प्रेम निवडू की कर्तव्य’ असं कधीच विचारत नाहीत. ती म्हणतात, ‘मला एक गोष्ट सापडली. सापडलीच नसती तर बरं झालं असतं.’

एक आई आल्या होत्या. मुलाच्या कोटाच्या खिशात त्यांना तीन बँक कार्डं सापडली. तिन्हींवर वेगवेगळी, अनोळखी नावं. त्यांनी कार्डं परत खिशात ठेवली. कोट खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता आणि त्याची एक बाही आत वळलेली होती. ती बाहीही त्यांनी पुन्हा तशीच आत वळवून ठेवली. मला सांगताना त्यांचे हात मांडीवर तीच बाही वळवत होते. चार महिने त्या कुणाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

आपल्याच माणसानं गुन्हा केल्याचं कळलं तर सांगायचं की झाकायचं, हा पेच जुना आहे. कन्फ्यूशियस या प्राचीन चिनी विचारवंताला एका अधिपतीनं अभिमानानं सांगितलं, की आमच्याकडे एक इतका सरळ माणूस आहे, की बापानं मेंढी चोरली तेव्हा त्यानं बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियसचं उत्तर असं, की आमच्याकडचा सरळपणा वेगळा. बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला. हे उत्तर वाचलं की मन थोडं निवतं, हे मी कबूल करते. पण मेंढी भरून देता येते. जे भरून देता येत नाही, त्याचं काय?

म्हणून मी आज डेव्हिड कॅझिन्स्कीबद्दल जरा सविस्तर बोलणार आहे. 1978 ते 1995 या काळात अमेरिकेत कुणीतरी बॉम्ब पाठवत होतं, पेरत होतं. तिघांचा जीव गेला, 23 जण जखमी झाले. सप्टेंबर 1995 मध्ये त्या अज्ञात माणसाचा लांबलचक जाहीरनामा वॉशिंग्टन पोस्टमध्ये छापला गेला. तो छापून येण्याच्या आधीच डेव्हिडची पत्नी लिंडा हिला शंका आली होती, की हा तुझा थोरला भाऊ टेड तर नसेल? डेव्हिडला ते पटलं नाही. मग दोघांनी बसून तो मजकूर वाचला. ‘कूल-हेडेड लॉजिशियन्स’, म्हणजे थंड डोक्याचे तर्कपंडित, हे शब्द आले आणि डेव्हिड थबकला. असं लिहिणारा त्याच्या ओळखीत एकच माणूस होता.

त्यानंतर ते दोघं धावत पोलिसांकडे गेले नाहीत, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी भावाची जुनी पत्रं काढली, जाणकारांकडून ती ताडून घेतली, मग वकिलामार्फत एफबीआयशी, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेशी संपर्क साधला. डेव्हिडनं नंतर स्वतःच सांगितलंय, की दोन्हीकडे मरण दिसत होतं. गप्प बसावं तर आणखी कुणीतरी मरेल. बोलावं तर भावाला मृत्युदंड होईल. तो बोलला. नावं गुप्त ठेवण्याचं आश्वासन मिळालं होतं, पण ती फुटली. 3 एप्रिल 1996 रोजी टेडला मोंटानातल्या त्याच्या खोपटात अटक झाली. सरकारी पक्षानं आधी मृत्युदंडाची मागणी केलीच. 1998 मध्ये टेडनं गुन्हा कबूल केला आणि जन्मठेप झाली.

डेव्हिडला भावापेक्षा कायदा प्यारा होता असं कुणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही. पुढचं पाकीट उघडणारा माणूस त्याच्या डोळ्यांसमोर आला, एवढंच झालं. आपण घरात या प्रश्नावर विचार करतो तेव्हा खोलीत दोघंच असतात, आपण आणि आपलं माणूस. तिसरा तिथे नसतो. त्याचा चेहरा आपल्याला माहीत नसतो, म्हणून त्याचं पारडं नेहमी हलकं भरतं. त्या आईंना मी एवढंच विचारलं होतं, की कार्डांवरची नावं आठवतात का? त्यांना तिन्ही पाठ होती.

कायदा या बाबतीत सगळीकडे सारखा नाही. जर्मनीत जवळच्या नातेवाइकाला शिक्षेपासून वाचवायला मदत केली म्हणून शिक्षा होत नाही. भारतात आरोपीला आसरा देण्याच्या गुन्ह्यातून सूट आहे ती फक्त नवरा-बायकोला; आईला नाही, भावाला नाही. आणि लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार माहीत असूनही कळवला नाही, तर 2012 च्या पोक्सो कायद्याखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे कुठलंही नातं आड येत नाही, आणि येऊही नये. घरातलं मूल धोक्यात असेल तर ‘घरातच मिटवू’ या शब्दांचा अर्थ, त्या मुलानं गप्प बसावं, एवढाच असतो.

आणखी एक. गप्प राहणं वेगळं आणि हात लावणं वेगळं. कपडे धुऊन टाकणं, मोबाइलमधलं पुसणं, ‘तो रात्रभर घरीच होता’ असं सांगणं, हे मायेपोटी होतं आणि तिथून आपणही गुन्ह्यात सामील होतो. काहीच ठरत नसेल, तर निदान हे करू नका. आधी वकिलाला भेटा. माणूस हिंसक असेल तर त्याला एकट्यानं जाब विचारायला जाऊ नका. नसेल, तर त्यानं स्वतःहून हजर व्हावं म्हणून त्याच्यासोबत चालत जाण्याची तयारी ठेवा. माझ्या अनुभवात बरीच माणसं यासाठी तयार होतात, फक्त सोबत कुणी येणारं हवं असतं.

डेव्हिडनं आपल्या आईला हे सांगितलं, तेव्हा तिनं त्याला जवळ घेतलं. तुझं टेडवर प्रेम आहे, इलाज असता तर तू असं केलं नसतंस, अशा अर्थाचं ती बोलली. तो भावाला तुरुंगात पत्रं लिहीत राहिला. टेड 2023 मध्ये गेला, तोवर एकाही पत्राला उत्तर आलं नाही.

त्या आईंनी मला शेवटी विचारलं होतं, ‘मी सांगितलं, तर तो परत माझ्याशी बोलेल का?’ मी त्यांना डेव्हिडच्या पत्रांचं सांगितलं. खोटा दिलासा मला देता आला नाही. त्या बराच वेळ बसून राहिल्या. मग त्यांनी वकिलाचा नंबर मागून घेतला.