तीन डावांच्या पैशांत

मंडळी, आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम असायचा. कॅसेट अडकली की काढायची, तोंडाने फुंकर मारायची, परत घालायची. ह्या क्षेत्रातली माझी प्रगती त्या फुंकरीपाशीच थांबली. म्हणून आज ज्याची गाडी पुढे गेली त्याची गोष्ट सांगतो. चिप्सच्या पाकिटातले पोकेमॉनचे टॅझो तुमच्यापैकी काहींनी जमवले असतील, त्या पोकेमॉनचा, म्हणजे प्राणी पकडून लढवायच्या गेमचा, बाप, जपानचा सातोशी ताजिरी.

जन्म १९६५चा. टोकियोच्या कडेला माचिदा आहे, तिथे तो वाढला. तेव्हा तिथे शेतं होती, तळी होती, आणि हा पोरगा दिवसभर किडे पकडत हिंडायचा. मुलं त्याला 'किडेवाला डॉक्टर' म्हणायची. पुढे शहर अंगावर आलं, तळी बुजली. १९७८ साली 'स्पेस इनव्हेडर्स' हा गेम आला आणि स्वारी किडे सोडून गेमच्या दुकानात रमली. शाळा बुडवून, अर्थातच.

इथपर्यंत हजारो पोरांची हीच कथा आहे. वेगळेपण दिसतं ते १९८३मध्ये. वय १७. त्याने गेमबद्दल एक मासिक काढलं, 'गेम फ्रीक'. मासिक म्हणजे काय, तर हाताने लिहिलेली पानं, त्यांच्या प्रती आणि कडेला स्टेपलरच्या पिना. किंमत ३०० येन. आत कोणत्या गेममध्ये कुठे काय दडलंय, अवघड टप्पा कसा पार करायचा, हे सगळं.

आता हिशोब बघा. दुकानातल्या मशिनवर एका डावाला १०० येनचं नाणं पडायचं. म्हणजे मासिकाची किंमत तीन डावांची. अडकलेल्या पोराने ते घेतलं आणि त्याचे चार डाव वाचले, की पैसे वसूल! ताजिरीचा धंदा माझ्या मते इथे सुरू झाला. गेम बनवायला तो अजून शिकलाही नव्हता, पण गिऱ्हाईक कुठे अडतं हे त्याला पाठ होतं, कारण तोही तिथेच अडला होता. ह्याच मासिकामुळे त्याला केन सुगिमोरी हा चित्रकार भेटला. पोकेमॉनचे चेहरे पुढे त्याच्याच हातून उतरले.

लिहिता लिहिता वाटायला लागलं की बाजारातले बरेच गेम भिकार आहेत, त्यापेक्षा आपणच करू. मग फॅमिकॉम, म्हणजे निन्टेंडो कंपनीचं टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, खोलून आत काय आहे ते पाहिलं. १९८९ साली मासिकाच्याच नावाने कंपनी झाली, पहिला गेम 'क्विंटी' नामको ह्या कंपनीने बाजारात आणला.

त्याच वर्षी निन्टेंडोचा गेम बॉय आला, हातात धरून खेळायचं यंत्र. दोन गेम बॉय जोडायला एक केबल मिळायची, समोरासमोर लढायला. ताजिरीला त्या केबलीतून जिवंत प्राणी इकडून तिकडे सरकताना दिसले. माचिदाची पोरं किड्यांची अदलाबदल करायची तशी. पोकेमॉन तिथे जन्मला. पण हातात यायला सहा वर्षं लागली. पैसे संपत आले, माणसं सोडून गेली, ताजिरी स्वतः पगार न घेता वडिलांच्या जिवावर राहिला. (ह्या वडिलांवर कोणी व्याख्यान ठेवत नाही.) क्रिएचर्स ह्या कंपनीने पैसा घातला आणि बदल्यात हक्कांत वाटा घेतला, तेव्हा कुठे काम तडीस गेलं.

२७ फेब्रुवारी १९९६ला पोकेमॉनचे पहिले दोन गेम, 'रेड' आणि 'ग्रीन', आले. गेम बॉय तोवर सात वर्षांचा म्हातारा झालेला. पण काम आटपताना कॅसेटमध्ये जेमतेम ३०० बाइट जागा उरली होती, तिच्यात कंपनीतल्याच शिगेकी मोरिमोतो ह्या प्रोग्रॅमरने गुपचूप एक जास्तीचा प्राणी बसवला होता, म्यू. पोरांत कुजबुज सुरू झाली की असा एक प्राणी आहे म्हणे. अशाच कुजबुजींवर ताजिरीचं मासिक चालायचं! मग 'कोरोकोरो' ह्या मुलांच्या मासिकाने जाहीर केलं, २० जणांना म्यू देणार. अर्ज आले सुमारे ७८,०००.