भिंतीवरचं बटण आधी

मंडळी, ‘स्वयंचलित घर’ असा विषय जाहीर झाला की वक्ता खिशातून मोबाइल काढणार, काहीतरी दाबणार आणि सभागृहातले दिवे मंद होणार, अशी लोकांची अपेक्षा असते. मी तसलं काही करणार नाही. मोबाइलवरून दिवा लावणं ही मला प्रगतीच वाटत नाही. भिंतीवरचं बटण एका क्षणात दाबून होतं. त्याऐवजी मोबाइल शोधायचा, त्याचं लॉक काढायचं, ॲप उघडायचं, ते जोडलं जाईपर्यंत ताटकळायचं आणि मग दिवा लागणार, यात मिळवलं काय?

म्हणून या सगळ्या खटाटोपाला मी एकच परीक्षा लावतो. घरात असा एक माणूस आहे, ज्याला तुमच्या यंत्रणेबद्दल काडीची माहिती नाही. इंटरनेट गेलंय, राउटर बंद आहे, सगळं चालवणारा तो छोटा कॉम्प्युटरही मान टाकून पडलाय. त्या माणसाने बाथरूमबाहेरचं बटण दाबलं, तर दिवा लागतो का? लागत असेल तर पुढे बोलू. लागत नसेल तर ती हौस फक्त तुमची, आणि तिची शिक्षा बाकीच्यांना.

ही कल्पना आजची नाही बरं का. स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ साली एक्स-१० नावाची पद्धत काढली. तिला वेगळी तार लागत नसे, घरातल्या विजेच्या तारांमधूनच निरोप जायचा. घरातल्या विजेचं (एसी) व्होल्टेज प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावरून जातं. नेमक्या त्या वेळी १२० किलोहर्ट्झचा एक छोटा संकेत तारेवर सोडायचा, अशी युक्ती. सोळा अक्षरं आणि सोळा आकडे, म्हणजे उपकरणांना २५६ पत्ते. फार नेटकं काम होतं. पण त्यातली साधी उपकरणं उलट उत्तर देत नसत. ‘दिवा लाव’ असा हुकूम सुटला, पण दिवा लागला की नाही हे हुकूम सोडणाऱ्याला कळायचंच नाही. वाटेत निरोप हरवला की यंत्रणेच्या हिशेबी दिवा चालू आणि घरातला माणूस अंधारात! उपकरणाची खरी स्थिती एक आणि यंत्रणेला वाटणारी स्थिती दुसरी, हे या क्षेत्रातलं जुनं दुखणं. ते अजून पुरतं गेलेलं नाही, आज आपण पुन्हापुन्हा त्याच्यापाशी येणार आहोत.

आता बटणाकडे वळू. नवशिका माणूस सगळ्यात आधी काय घेतो? स्मार्ट बल्ब. पेटीतून काढला, होल्डरमध्ये बसवला, रंग बदलून दाखवला, घरचे खूश. संध्याकाळी कोणीतरी सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतं आणि बल्बची वीजच जाते. मग ॲप म्हणतं, ‘उपकरण सापडत नाही.’ लोक बटणावर चिकटपट्ट्या लावतात, ‘हात लावू नये’ म्हणून. ज्या घरात बटणाला हात लावायची बंदी आहे, ते घर सोपं झालं असं मी मानत नाही. शिवाय झिगबी, म्हणजे घरातली उपकरणं बिनतारी जोडणारी पद्धत, तिच्या बल्बमध्ये आणखी एक मेख आहे. हे बल्ब शेजारच्या सेन्सरचे निरोप पुढे पोचवायचंही काम करतात. एका खोलीतला बल्ब बटणाने बंद झाला की पलीकडच्या खोलीतला दाराचा सेन्सर गप्प होऊ शकतो. आणि तुम्ही सेन्सरची बॅटरी बदलत बसता.

त्यापेक्षा रिले, म्हणजे संकेत मिळाला की स्वतःच चालू-बंद होणारी छोटी डबी, भिंतीत, बटणाच्या मागे बसवा. जुनं बटण तसंच राहतं, फक्त त्याची तार रिलेच्या इनपुटला जाते. बटण दाबलं की रिलेच्या आतली चिप स्वतःच निर्णय घेते, कोणाला विचारायला जात नाही. कॉम्प्युटर मेला तरी दिवा लागतो, आणि कॉम्प्युटर जिवंत असेल तर त्याला बदललेली स्थिती कळवली जाते. परीक्षा पास.

मात्र स्विचबोर्ड उघडल्यावर बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. आत फेज (वीज आणणारी तार) असते आणि दिव्याकडे जाणारी तार असते, पण न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) नसते. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल पुष्कळदा थेट दिव्यालाच नेलेली असते, कारण साध्या बटणाला तिची गरजच नाही. रिलेला मात्र स्वतः जागं राहायला वीज लागते. न्यूट्रलशिवाय चालणारे रिले मिळतात. ते दिव्यातूनच किंचित करंट वाहू देऊन आपली भूक भागवतात. जुन्या पिवळ्या बल्बला त्याने काही फरक पडत नसे, पण एलईडी दिवा तेवढ्यानेही मिणमिणतो किंवा लुकलुकतो. मग दिव्याला समांतर एक बायपास, म्हणजे तो किंचित करंट वळवून नेणारा छोटा भाग, जोडावा लागतो. वायरिंग नव्याने करत असाल तर प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल ओढून घ्या आणि पेट्या खोल घ्या. बाकी सगळं नंतर बदलता येतं, भिंतीतली तार नाही.

आणि रिलेवर ‘१० अँपिअर’ लिहिलेलं वाचून गीझर जोडू नका. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. कागदावर बसतं, पण चिमुकल्या बंद डबीत तासन्‌तास तेवढा करंट वाहिला की डबी तापते. मोटर आणि एलईडीचे ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतात. त्याने रिलेचे संपर्कबिंदू चिकटू शकतात. अशा वेळी रिलेने फक्त कॉन्टॅक्टर (मोठा करंट पेलणारा दांडगा रिले) चालवावा आणि कॉन्टॅक्टरने गीझर. हे काम एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडूनच करायचं, आणि हात सराईत नसेल तर वायरमनला बोलवायचं. यात शौर्य दाखवायचं काही कारण नाही.

आता हुकूम कुठून येतो ते बघू. बाजारातली बरीच उपकरणं आपला निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतात आणि तिथून तो परत आपल्याच भिंतीत येतो. सर्व्हर बंद झाला की खेळ खलास. रिव्हॉल्व्ह नावाचा हब, म्हणजे घरातली उपकरणं एकत्र चालवणारी डबी, २०१४ मध्ये नेस्ट या कंपनीने विकत घेतला आणि २०१६ च्या मे महिन्यात त्याची सेवा बंद केली. लोकांच्या घरात पैसे मोजून घेतलेली नुसती डबी उरली. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या अशाच उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर असेच अचानक गप्प झाले. त्यातली गंमत अशी की ज्यांनी बटणं आणि दिवे एकमेकांना थेट जोडून ठेवले होते, त्यांचे दिवे लागत राहिले. पुढे दोनेक महिन्यांत काही वापरकर्त्यांनीच तो व्यवसाय विकत घेतला, हा भाग वेगळा.

घरातच बसून घर चालवणारी यंत्रणा हवी असेल तर पर्याय चांगले आहेत. ओपनहॅब ही अशी एक प्रणाली २०१० पासून आहे. होम असिस्टंट हे दुसरं सॉफ्टवेअर पाउलुस स्खाउटसेनने २०१३ मध्ये सुरू केलं. ते पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि २०२४ पासून त्याची मालकी ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे. उपकरणांमधली टपाल व्यवस्था म्हणून एमक्यूटीटी वापरतात. तिचा जन्म १९९९ चा, तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी झालेला. तिच्यातली एक सोय मला फार आवडते. उपकरण जोडलं जातानाच आपलं मृत्युपत्र ब्रोकरकडे, म्हणजे मधल्या पोस्टमनकडे, ठेवतं: ‘मी न सांगता गायब झालो तर हा निरोप सगळ्यांना द्या.’ म्हणजे भिंतीतला रिले बंद पडला, तर यंत्रणा जुनीच स्थिती उगाळत बसत नाही; तो गेला हे तिला थोड्या वेळात कळतं. एक्स-१० ला जे जमलं नाही ते हे.

डॅशबोर्डबद्दल, म्हणजे सगळी उपकरणं एका पडद्यावर दाखवणाऱ्या पानाबद्दल, मी बोलणार नाही. त्यावर लोक महिनोन्‌महिने रंगकाम करतात आणि घरातलं दुसरं कोणी तो उघडत नाही.

रेडिओबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे, कारण ‘सेन्सर सारखा तुटतो’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथे असतं. झिगबी आणि वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फाय १, ६ किंवा ११ या चॅनेलवर असेल तर झिगबीचे १५, २०, २५ हे चॅनेल त्यांच्या फटीत किंवा कडेला बसतात. तसा एक निवडा. दुसरं म्हणजे झिगबीचा डोंगल (कॉम्प्युटरला जोडायचा छोटा रेडिओ) कॉम्प्युटरच्या मागे थेट यूएसबी ३ च्या पोर्टात खोचू नका. यूएसबी ३ ची तार आणि शेजारची डिस्क त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. एक साधी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल लांब ठेवला की निम्म्या कटकटी मिटतात. यावर कोणाचा विश्वास बसत नाही, कारण उपाय फारच फालतू दिसतो.

सेन्सरचंही तसंच. हालचाल ओळखणाऱ्या नेहमीच्या पीआयआर सेन्सरला माणूस दिसत नाही, त्याला उष्णतेची हालचाल दिसते. वाचत स्वस्थ बसलेला माणूस त्याच्या लेखी खोलीत नसतोच, आणि दिवा विझतो. मिलिमीटर-वेव्ह रडारला श्वासाने हलणारी छातीही जाणवते, पण त्याला हलणारा पडदा आणि फिरता पंखाही जाणवतो. म्हणून मी दोन्ही जोडतो: दिवा लावायचा पीआयआरच्या सांगण्यावरून, कारण तो चटकन जागा होतो; विझवायचा मात्र दोघंही ‘कोणी नाही’ म्हणाले तरच. दिवा उगाच चालू राहिला तर थोडी वीज जाते. उगाच विझला तर माणूस चिडतो, आणि चिडलेला माणूस तुमची सगळी यंत्रणा उपटून टाका म्हणतो.

आता दिवाणखान्यात येऊ. साधा रिमोट हे एक्स-१० चंच भावंड आहे. तो ३८ किलोहर्ट्झच्या आसपास अवरक्त प्रकाश लुकलुकवतो आणि पुढे काय झालं ते त्याला कळत नाही. ‘चित्रपट लाव’ अशी एक कळ बनवली, तिने टीव्हीला चालू-बंदचा संकेत पाठवला, आणि टीव्ही आधीच चालू होता. झालं, तो बंद! याला उतारा एचडीएमआयच्या तारेतच आहे. तिच्या तेराव्या पिनवर सीईसी नावाची दुतर्फा वाट असते. प्लेअर चालू केला की टीव्ही जागा होतो, योग्य इनपुटवर येतो, आवाजाची कळ स्पीकरला कळते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक कंपनीने सीईसीला वेगळंच गोंडस नाव दिलेलं असतं, तेवढं शोधून चालू करा. घरात रिमोट एकच राहिला पाहिजे.

चित्रपटांचा स्वतःचा संग्रह असेल तर कोडी आणि जेलीफिन ही दोन नावं लक्षात ठेवा. कोडी टीव्हीजवळ बसून दाखवतं. त्याचा उगम २००२ चा, एक्सबॉक्सवर झालेला. जेलीफिन दुसरीकडे बसून घरभरच्या पडद्यांना चित्रपट पुरवतं. ते २०१८ च्या अखेरीस एम्बी या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं झालं, एम्बीने पुढचा कोड बंद केला म्हणून. बरीच घरं दोन्ही वापरतात.

चित्रपट अडखळला की लोक नेटवर्कवर खापर फोडतात. आधी हे बघा की फाइल आहे तशी जातेय, की सर्व्हर ती वाटेत पुन्हा एन्कोड करतोय, म्हणजे दुसऱ्या स्वरूपात बदलतोय. टीव्हीला एचईव्हीसी किंवा एव्ही१ ही व्हिडिओची स्वरूपं वाचता येत नसतील तर सर्व्हरला ते काम करावं लागतं आणि छोट्या कॉम्प्युटरला धाप लागते. कधीकधी चित्र ठीक असतं, पण सबटायटल्स मजकुराऐवजी चित्ररूपात असतात. ती न वाचणाऱ्या टीव्हीसाठी सर्व्हर प्रत्येक फ्रेमवर ती उमटवत बसतो. अशी सबटायटल्स मजकुराच्या फाइलमध्ये बदलून ठेवली की त्याच कॉम्प्युटरवर सगळं सुरळीत चालतं. आणखी एक चकवा: फोर-के ब्लू-रेचा डेटा सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, आणि कित्येक टीव्हींचं लॅन पोर्ट (नेटवर्कची तार लावायची जागा) शंभर मेगाबिटचंच असतं. अशा टीव्हीला तार लावण्यापेक्षा चांगलं वाय-फाय बरं पडतं. माझ्यासारख्या तारेच्या भक्तालाही हे मान्य करावं लागतं.

एक प्रश्न आलाय: ‘सुरुवात कुठून करू?’ एका दिव्यापासून. त्यातही बाहेरच्या मार्गिकेतला घ्या, जिथे हात भरलेले असतात. तो बसला की मेन स्विच पाडा आणि पुन्हा चालू करा. बऱ्याच स्मार्ट बल्बना वीज परत आली की पूर्ण प्रकाशात पेटायची खोड असते. रात्री तीनला वीज जाऊन आली की सगळं घर लख्ख आणि सगळे जागे. ‘वीज आल्यावर आधीच्या स्थितीत ये’ अशी सेटिंग असते. काही उपकरणांत ती खोल दडलेली असते आणि काहींत नसतेच, म्हणून घेण्याआधी ती आहे का ते बघा. मग कॉम्प्युटर बंद करून बटण दाबून बघा. हे दोन्ही जमलं की दुसरा दिवा.