त्युमेच्या काठावरचे ॲलिस

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात, अमाटोले डोंगररांगांच्या पायथ्याशी, त्युमे नदीच्या काठी ॲलिस हे लहानसे गाव वसले आहे. भोवतालच्या टेकड्यांवर खोसा भाषकांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत आणि गवताळ उतारांवर गुरे व शेळ्या-मेंढ्या चरत असतात. इथली माणसे आपापसांत या गावाला डिकेनी म्हणतात. ॲलिस हे नाव राणी व्हिक्टोरियाच्या मुलीचे, आणि ते या भूमीवर आले ते युद्धाच्या पाठोपाठ.

एकोणिसाव्या शतकात केप वसाहतीची हद्द पूर्वेकडे सरकत होती आणि खोसा लोकांशी एकामागून एक युद्धे पेटत होती. १८४६ मध्ये कुऱ्हाड चोरल्याचा आरोप असलेल्या एका माणसाला ग्रॅहम्सटाउनकडे नेले जात असताना त्याच्या माणसांनी त्याला वाटेतच सोडवले, आणि एवढ्या निमित्तावरून सुरू झालेला संघर्ष 'कुऱ्हाडीचे युद्ध' म्हणून ओळखला गेला. त्याच धामधुमीत, १८४७ मध्ये, इंग्रजांनी येथे फोर्ट हेअर हा किल्ला बांधला आणि त्याच्या आश्रयाने ॲलिस वसवले. जिंकलेल्या मुलखावर पहारा ठेवणे, हे या गावाच्या जन्माचे कारण होते.

मात्र या खोऱ्यात गावाच्याही आधी छापखाना आला होता. स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांनी डिसेंबर १८२३ मध्ये त्युमेच्या खोऱ्यात खोसा भाषेतील पहिला मजकूर छापला. दुसऱ्याच वर्षी लव्हडेल मिशनची स्थापना झाली. युद्धात ते उद्ध्वस्त झाल्यावर त्युमेच्या काठी, आजच्या जागी, पुन्हा उभे राहिले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि काय छापावे यावर त्यांचा कडक अंकुश असे, हे विसरता येत नाही. तरीही लव्हडेलमध्ये शिकलेल्या खोसा तरुणांनी लेखणी आपल्या कामाला लावली. जॉन टेंगो जबावू यांनी आधी मिशनच्या वृत्तपत्राचे संपादन केले आणि १८८४ मध्ये किंग विल्यम्स टाउन येथे स्वतःचे खोसा वृत्तपत्र काढले. येथील रुग्णालयात प्रशिक्षण घेतलेल्या सेसिलिया माकिवाने १९०८ मध्ये देशातील पहिल्या कृष्णवर्णीय नोंदणीकृत परिचारिका झाल्या. आज देशाच्या राष्ट्रगीताचा भाग असलेल्या 'न्कोसी सिकेलेल इआफ्रिका' या गीताला कवी म्कायी यांनी जोडलेली नवी कडवी १९२७ मध्ये लव्हडेलच्याच छापखान्यातून बाहेर पडली.

जुन्या किल्ल्याच्या परिसरात १९१६ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी उच्च शिक्षणाचे महाविद्यालय उघडले आणि पुढे किल्ल्याचेच नाव त्याला चिकटले. त्यामागे केवळ मिशनरी नव्हते; जबावूंसारख्यांनी वर्षानुवर्षे केलेली खटपट आणि आफ्रिकी लोकांनी स्वतः गोळा केलेला निधी यांवर ते उभे राहिले, आणि या संस्थेविषयी बोलताना हे सर्वप्रथम सांगितले पाहिजे, असे आम्हाला वाटते. झेड. के. मॅथ्यूज हे तेथून पदवी घेणारे पहिले विद्यार्थी, आणि नंतर ते तेथेच प्राध्यापक झाले. वर्णभेदविरोधी लढ्याचे नेते ऑलिव्हर टॅम्बो, गोवन म्बेकी आणि रॉबर्ट सोबुक्वे, बोट्स्वानाचे सेरेत्से खामा, झिम्बाब्वेचे रॉबर्ट मुगाबे हे सगळे या आडगावातल्या वर्गांत बसले. नेल्सन मंडेला १९३९ मध्ये येथे दाखल झाले आणि विद्यार्थी प्रतिनिधींच्या निवडणुकीवरून झालेल्या वादात १९४० मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडावे लागले. भारतीय वंशाचे विद्यार्थीही येथे शिकत असत.

वर्णभेदी सरकारला हे मिश्रण सहन होणारे नव्हते. १९५९ च्या कायद्याने विद्यापीठांची वंशवार आणि भाषावार विभागणी झाली, फोर्ट हेअर खोसा भाषकांपुरते उरले आणि भारतीयांसाठी डर्बनला वेगळे महाविद्यालय निघाले. निवृत्तिवेतनावर पाणी सोडून मॅथ्यूज यांनी राजीनामा दिला. पुढे याच सरकारने खोसा भाषकांसाठी आखलेल्या सिस्काय या तथाकथित स्वतंत्र प्रदेशात हे गाव कोंबण्यात आले. १९८१ च्या त्या 'स्वातंत्र्या'ला दक्षिण आफ्रिकेबाहेरच्या कोणत्याही देशाने मान्यता दिली नाही, आणि १९९४ मध्ये तो प्रदेश पुन्हा देशात विलीन झाला.

आजही गावाचे आयुष्य विद्यापीठाशी बांधलेले आहे. सत्र चालू असते तेव्हा टॅक्सीतळ, दुकाने आणि भाड्याच्या खोल्या भरतात. सुट्टी लागली की रस्ते ओस पडतात. मुक्तिलढ्यातील संघटनांची कागदपत्रे विद्यापीठाच्या अभिलेखागारात जपलेली असल्याने दूरदूरच्या अभ्यासकांनाही इथवर यावे लागते. आणि लव्हडेलचा छापखाना? २००१ मध्ये तो बंद पडण्याच्या बेतात होता. तेव्हा तो विकत घेऊन पुढे चालवला, तो त्याच छापखान्यात नोकरी केलेल्या मोजक्या कामगारांनी.