सार्नोची हुकलेली शर्यत

नमस्कार श्रोतेहो. टीव्हीवर फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना मॅक्स व्हर्स्टॅपेन हे नाव सांगायला नको. आज मात्र त्याच्या विश्वविजेतेपदांबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे त्याच्या कार्टिंगबद्दल, म्हणजे छोट्या, उघड्या शर्यती गाड्यांबद्दल, आणि त्या कार्टमधून उठून तो एकदम फॉर्म्युला थ्रीच्या, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरच्या, गाडीत कसा जाऊन बसला त्याबद्दल. त्यातही २०१२ सालच्या एका शर्यतीबद्दल. ती तो हरला होता.

मॅक्सचा जन्म ३० सप्टेंबर १९९७ चा, बेल्जियममधला. वडील जोस व्हर्स्टॅपेन डच. १९९४ ते २००३ या काळात फॉर्म्युला वनच्या शंभराहून जास्त शर्यतींत उतरलेला गडी. आई सोफी कुंपेन बेल्जियन, आणि तीही कार्टिंगमधली अव्वल चालक. १९९५ साली तिने इटलीतली आंद्रेआ मार्गुत्ती ट्रॉफी जिंकली होती, तीही मुलामुलींच्या एकत्र शर्यतीत. मॅक्सचं घराणं सांगताना सगळे जोसचं नाव घेतात आणि सोफीला विसरतात. हे मला मुळीच पटत नाही. कार्टमध्ये हात कुणाचा चांगला, असं विचारलं तर तिचं नाव आधी घ्यावं लागेल.

साडेचार वर्षांचा असताना मॅक्स पहिल्यांदा कार्टमध्ये बसला आणि सातव्या वर्षापासून शर्यतीत उतरू लागला. पुढची काही वर्षं म्हणजे एक व्हॅन, तीत एक कार्ट, इंजिनं, टायर, आणि बाप-लेक. शुक्रवारी शाळा सुटली की निघायचं, रविवारी रात्री परतायचं.

आता ही कार्ट म्हणजे मॉलच्या गच्चीवर पैसे देऊन फिरवतात ती नव्हे. शर्यतीच्या कार्टला सस्पेन्शन नसतं. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर घट्ट बसवलेली, त्यामुळे दोन्ही एकाच वेगाने फिरणार. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, आतल्याला कमी. आतलं चाक जमिनीला टेकून राहिलं तर ते फरफटतं, कार्ट अडखळते आणि इंजिनाचा दम तुटतो. म्हणून वळणावर मागचं आतलं चाक किंचित उचललं गेलं पाहिजे. पुन्हा सांगतो, मागचं आतलं चाक उचललं गेलं पाहिजे. नळ्यांची चौकट पिळवटते आणि हे काम करते. कार्टची सगळी जुळवाजुळव या एका गोष्टीभोवती फिरते. मागची रुंदी १४० सेंटिमीटरपर्यंत नेता येते. ती कमी केली की वजन बाहेरच्या चाकावर जास्त कलतं आणि आतलं चाक लवकर उचलतं. अ‍ॅक्सल कडक घ्यायचा की मऊ, सीट किती मागे, किती खाली, सगळं त्यासाठीच. टायरमधल्या हवेचा दाब थंड असताना साधारण ०.६ ते ०.८ बार. त्यातही अर्ध्या दशांशाचा फरक घड्याळात दिसतो.

इंजिन टू-स्ट्रोक. आरएक्स १०० च्या काळात पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल घालून घेतलेलं ज्यांना आठवतं, त्यांना जास्त सांगायला नको. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र म्हणजे जेट. ते लहान पडलं, मिश्रण कोरडं झालं, तर इंजिन काही फेऱ्या सुंदर पळतं आणि मग पिस्टन धरतो. जेट मोठं झालं तर प्लग ओला आणि कार्ट मलूल. सकाळच्या गार हवेत बरोबर असलेलं जेट दुपारच्या उन्हात बरोबर राहत नाही. माझं मत असं की, मेकॅनिक ठेवायची ऐपत असली तरी हवेचा दाब, जेटचा क्रमांक आणि मागच्या चक्राचे दात मुलाने स्वतः वहीत लिहावेत. आपल्याकडे आई-वडील महागडं हेल्मेट घेतात आणि दाब मोजायचा चांगला गेज घेत नाहीत. आधी गेज घ्या.

आता सार्नोकडे येऊ.

सार्नो हे दक्षिण इटलीत, नेपल्सजवळ. सप्टेंबर २०१२, केझेड२ गटाची जागतिक स्पर्धा. केझेड म्हणजे गिअरची कार्ट. १२५ सीसी, सहा गिअर, पाण्याने थंड होणारं इंजिन, आणि पुढच्या चाकांनाही ब्रेक. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला. क्लच हाताने दाबायचा, तोही फक्त सुरुवातीला. पुढे फेरीभर उजवा हात स्टिअरिंग आणि दांडा यांच्यात नाचत असतो. बिनगिअरच्या कार्टची शर्यत चालत्या रांगेतून सुरू होते. केझेडची उभ्या जागेवरून. त्यामुळे पहिल्या वळणापर्यंत जागा झटकन इकडच्या तिकडे होतात.

मॅक्स तेव्हा १४ वर्षांचा. पंधरावा वाढदिवस काही दिवसांवर आलेला. जोसने त्या स्पर्धेसाठी इंजिनांवर महिनोन् महिने काम केलं होतं. आठवडाभरात दिसत होतं की सार्नोत या मुलाइतकं वेगवान कुणी नाही. अंतिम शर्यत सुरू झाली आणि सुरुवातीलाच एक जण मॅक्सच्या पुढे गेला. घाबरायचं काहीच कारण नव्हतं. वेग आपल्याकडे, सगळी शर्यत अजून पुढे पडलेली.

पण मॅक्सला ती जागा लगेच परत हवी होती. लगेच म्हणजे त्याच क्षणी. त्याने एका वेगवान वळणात नाक आत घातलं. समोरच्याला त्याची अपेक्षाच नव्हती. दोघे एकमेकांना लागले आणि मॅक्सची शर्यत तिथेच संपली.

ही जागा का चुकली, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. केझेडमध्ये चारही चाकांना ब्रेक असल्याने पुढे जायची खरी जागा म्हणजे लांब सरळ रस्त्यानंतरचं मंद वळण. तिथे उशिरा ब्रेक मारायचा, आतली बाजू धरायची, समोरच्याला तुम्ही दिसता आणि तो जागा देतो. वेगवान वळणात समोरच्याची कार्ट आधीच बाहेरच्या चाकांवर कललेली असते, मागचं आतलं चाक हवेत. एवढासा धक्का तिला फिरवायला पुरतो. शिवाय सस्पेन्शन नसल्यामुळे तुमचं पुढचं चाक त्याच्या चाकाला लागलं की हिसका थेट स्टिअरिंगच्या सळईला बसतो. सळई वाकली की पुढची चाकं दोन दिशांना तोंड करतात आणि मग कितीही चांगलं इंजिन असो, उपयोग नाही. त्यात सुरुवातीच्या फेऱ्यांत टायर गार असतात. हवा तापून दाब चढायला आणि पकड यायला वेळ लागतो. म्हणजे दोन-चार फेऱ्या थांबला असता तर पकडही वाढली असती आणि योग्य वळणही आलं असतं. पुन्हा सांगतो, वेग होता, जागा चुकली.

जोस संतापला. हे सगळं त्याने स्वतः आणि मॅक्सनेही पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. जोसने तंबू उखडला, सामान व्हॅनमध्ये फेकलं आणि ट्रॅकवर पडलेली कार्ट आणायला जायलाही नकार दिला. ती मॅक्सला एका मित्राच्या मदतीने आणावी लागली. मग घराकडे परतीचा प्रवास, दीड हजार किलोमीटरांहून जास्त. गाडीत मॅक्स पुन्हा पुन्हा वडिलांना समजावू पाहत होता की तसं का झालं. जोसला ऐकायचंच नव्हतं. शेवटी त्याने एका पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि मुलाला सांगितलं, उतर. मॅक्स उतरला. जोस निघून गेला. काही वेळाने तो परत फिरला, मुलाला गाडीत घेतलं, आणि उरलेला सगळा रस्ता एक शब्द बोलला नाही. पुढचा आठवडाभर बोलला नाही.

मॅक्स आजही म्हणतो की त्या आठवड्याने त्याला विचार करायला लावलं आणि धीर धरायला शिकवलं. त्याचं म्हणणं त्याच्यापाशी. ऐकणाऱ्या आई-वडिलांना मात्र मला ठासून सांगायचं आहे की चौदा वर्षांच्या मुलाला परक्या देशात पंपावर उतरवणं ही शिकवणी नाही. शिकण्यासारखं होतं ते त्या वळणात, आणि ते वळण कागदावर काढून दाखवता आलं असतं. शाळेच्या निकालाच्या दिवशीही आपल्या घरांत असंच होतं. गुणपत्रिका फेकली जाते आणि उत्तरपत्रिका कुणी उघडत नाही.

२०१३ साली काय झालं बघा. मॅक्सने केएफ या बिनगिअरच्या गटात युरोपीय अजिंक्यपद जिंकलं. केझेडमध्ये युरोपीय अजिंक्यपद जिंकलं. आणि सप्टेंबरात फ्रान्समधल्या व्हारेन-स्यूर-आलिए इथे केझेडचं जागतिक विजेतेपदही जिंकलं, वयाच्या पंधराव्या वर्षी. सार्नोनंतर एका वर्षात.

लगेच ऑक्टोबर २०१३ मध्ये वेल्समधल्या पेंब्री ट्रॅकवर त्याने पहिल्यांदा फॉर्म्युला रेनॉची सिंगल-सीटर, म्हणजे एकाच चालकाची शर्यतीची गाडी, चालवली आणि १६० फेऱ्या मारल्या. कार्टमधून आलेल्याला गाडीत दोन गोष्टी छळतात. एक म्हणजे गाडी उशिरा उत्तर देते. कार्टमध्ये स्टिअरिंगला हिसका दिला की नाक वळतं. गाडीत स्प्रिंग आहेत, वजन सरकायला क्षणभर लागतो, हिसका दिला तर पुढचे टायर घसरत सरळ जातात. दुसरी गोष्ट पंखांची. वेगात हवा गाडीला खाली दाबते, म्हणून ब्रेक सुरुवातीला जोरात मारायचा आणि वेग उतरेल तसा पाय हलका करत न्यायचा, नाहीतर चाक जाम होऊन टायरवर सपाट चट्टा पडतो. डाव्या पायाने ब्रेक मारायची सवय मात्र कार्टमधूनच येते, ती कामी येते.

२०१४ च्या सुरुवातीला फ्लोरिडात हिवाळी शर्यती, आणि मग थेट युरोपियन फॉर्म्युला थ्री, फान आमर्सफोर्ट रेसिंग या डच संघाकडून. मधली कुठलीही पायरी नाही. पहिल्याच हंगामात दहा विजय, त्यांतले सहा सलग, तीन स्पाला आणि तीन न्युरेंबर्गच्या नोरिसरिंगला. नोरिसरिंगच्या निसरड्या रस्त्यावर त्याने जे केलं ते फॉर्म्युला वनच्या रेड बुल संघासाठी तरुण चालक हेरणाऱ्या हेल्मुट मार्कोच्या विशेष लक्षात राहिलं. मधल्या काही शर्यती अर्धवट सोडाव्या लागल्याने अजिंक्यपद एस्तेबान ओकोंला गेलं आणि मॅक्स तिसरा आला. ऑगस्टमध्ये रेड बुलच्याच टोरो रोसो या दुसऱ्या फॉर्म्युला वन संघाने पुढच्या वर्षासाठी त्याचं नाव जाहीर केलं. १५ मार्च २०१५ ला मेलबर्नमध्ये तो फॉर्म्युला वनला उतरला तेव्हा वय १७ वर्षं १६६ दिवस.

२०१६ पासून मोटरशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलले. फॉर्म्युला वन चालवायच्या परवान्यासाठी, म्हणजे सुपर लायसन्ससाठी, खालच्या स्पर्धांतून तीन वर्षांत ४० गुण लागू लागले. फॉर्म्युला टूमधल्या पहिल्या तिघांना हे ४० गुण एकदम मिळतात, फॉर्म्युला फोरच्या विजेत्याला जेमतेम १२. म्हणजे मॅक्सची एका वर्षाची उडी आता मारता येत नाही, पायऱ्या चढाव्याच लागतात. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला तसाच पायरी पायरीने गेला. २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या निवड मोहिमेतून तो पुढे आला, ब्रिटनमध्ये कार्टिंग केलं, मग फॉर्म्युला रेनॉ, फॉर्म्युला थ्री, आणि डिसेंबर २०२० मध्ये बहरीनमधल्या साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला.

घरात कुणाला हे वेड लागलं असेल, तर खऱ्या कार्टचा ट्रॅक आपल्याकडे कोल्हापूरला आहे, मोहित्यांचा. १५ वर्षं पूर्ण झाली की फॉर्म्युला फोरमध्ये उतरता येतं आणि २०२३ पासून त्याची भारतीय स्पर्धाही सुरू झाली आहे. कार्ट घेताना जुनी घेतलीत तरी चालेल. फक्त चौकट सपाट फरशीवर ठेवून वाकलेली नाही ना ते बघा, वेल्डिंगपाशी तडे तपासा, आणि इंजिन शेवटचं कधी उघडलं होतं ते विकणाऱ्याला विचारा.