नोरिक आबे : निकालाच्या तक्त्यात न मावणारा रेसर

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे जपानच्या नोरिफुमी आबेबद्दल. मोटरसायकल रेसिंगचं जग त्याला ‘नोरिक’ म्हणायचं. ५०० सीसी गटात त्यानं तीन ग्रांप्री, म्हणजे जागतिक स्पर्धेतल्या शर्यती, जिंकल्या, जगज्जेतेपद एकही नाही. तरीही माझ्या लेखी तो त्या काळातला सर्वांत जिवंत रेसर होता.

जन्म १९७५चा. वडील मित्सुओ हेही व्यावसायिक रेसर. नोरिक १९९३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, जपानचा ५०० सीसी राष्ट्रीय विजेता झाला. पुढच्या एप्रिलमध्ये सुझुका सर्किटवर जपान ग्रांप्री होती. तिथे त्याला वाइल्ड कार्ड मिळालं, म्हणजे त्या एका शर्यतीपुरता प्रवेश. अशा पाहुण्यानं मागे कुठेतरी राहून शर्यत पूर्ण करावी, एवढीच सगळ्यांची अपेक्षा असते.

ती गाडी कशी होती, तेही सांगायला हवं. तुमच्यापैकी ज्यांनी आरएक्स १०० चालवली असेल, त्यांना टू-स्ट्रोक इंजिनाचा अचानक येणारा झटका ठाऊक आहे. इथे तसंच चार सिलिंडरचं, ५०० सीसीचं इंजिन आणि गाडीचं वजन जेमतेम १३० किलो. चाक घसरलं तर सावरून घेणारी आजच्यासारखी इलेक्ट्रॉनिक्स नाहीत. जे काही सावरायचं ते उजव्या मनगटानं.

अशा होंडावर हा मुलगा थेट पुढच्या घोळक्यात घुसला. समोर केविन श्वान्ट्झ, म्हणजे आदल्या वर्षीचा जगज्जेता, आणि मिक डूहान, जो त्या वर्षापासून सलग पाच विजेतेपदं घेणार होता. नोरिक दोघांना ओलांडतो, ते त्याला ओलांडतात, हा पुन्हा आत शिरतो. हेल्मेटखालून लांब केस वाऱ्यावर उडताहेत. कुणाचा मान राखून मागे राहणं त्याच्या स्वभावातच नव्हतं! अखेर तीन फेऱ्या उरल्या असताना पहिल्या वळणावर गाडी हातून गेली. शर्यत श्वान्ट्झनं जिंकली. नोरिकच्या नावापुढे निकालात काहीच नाही.

पण इटलीतला पंधरा वर्षांचा एक मुलगा त्या शर्यतीची टेप शाळेत जाण्याआधी पुन्हा पुन्हा पाहत होता. तो व्हॅलेंटिनो रॉसी, पुढे अनेकदा जगज्जेता झालेला. त्यानं पुढे स्वतःचं टोपणनावच ‘रॉसिफुमी’ ठेवलं.

माजी जगज्जेता केनी रॉबर्ट्‌सनं नोरिकला आपल्या यामाहा संघात घेतलं. १९९६ साली त्याच सुझुकावर तो जिंकला, तेव्हा विसाचा होता. १९८२मध्ये ताकाझुमी कातायामा स्वीडनला जिंकला होता. त्यानंतर ५०० सीसीत जिंकणारा हा पहिला जपानी. पुढे १९९९मध्ये ब्राझीलमधलं रिओ आणि २००० साली पुन्हा सुझुका जिंकलं. मधल्या हंगामांत सातत्य राहिलं नाही. एखाद्या रविवारी तो कुणालाही आवरत नसे, पुढच्या रविवारी दहाव्या क्रमांकाशी झगडत असे. अजिंक्यपदाच्या तक्त्यात तो पाचव्या स्थानाच्या वर कधी गेला नाही. नंतर दोन वर्षं सुपरबाइक, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर आधारित बाइकची, जागतिक स्पर्धा, आणि २००७मध्ये तो जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत परतला.

त्याच वर्षी ७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी कावासाकी शहरात तो स्कूटरवरून चालला होता. यू-टर्नला मनाई असलेल्या जागी पुढच्या ट्रकनं यू-टर्न घेतला. नोरिक बत्तीस वर्षांचा होता. डूहानला भिडलेला माणूस साध्या रस्त्यावर, दुसऱ्याच्या बेफिकिरीनं जातो, याचा राग मला आजही येतो. कुणाच्या तरी ‘एवढ्यानं काय होतंय’चे बळी आपल्याही रस्त्यांवर रोज पडतात.

मित्सुओ आबेंनी मुलाच्या नावाचा संघ पुढे चालवला. नोरिकचा मुलगा माइकी हाही जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत यामाहावर उतरला.