पाळी गेल्यानंतरचं मन आणि चुंबकाचा उपचार

मायबहिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेल्या दादांनो, तुम्हीही पुढे येऊन बसा. हा विषय तुमच्याही घरातला आहे.

आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. घाम सगळ्यांनाच येतो. त्यामुळे पाळी जाण्याच्या वयातली बाई रात्री तीनला निथळत उठते, तेव्हा तिचा घाम वेगळा आहे हे घरात कुणाच्या ध्यानातच येत नाही. माझ्या आईचं तेच झालं. सकाळी भाकरीचं पीठ परातीत घ्यायची आणि नुसती बसून राहायची. हात पिठात, नजर भिंतीवर. म्हणायची, "मना जीव कसामाच लागत नही." ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी सांगितलं, वय झालं, देवाचं नाव घ्या. आई तेव्हा 49 वर्षांची होती. पुढची दोन वर्षं तिची तशीच गेली. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मानसोपचार शिकले, त्याचं मूळही तिथेच आहे.

सलग 12 महिने पाळी आली नाही की ती गेली असं आपण धरतो. आपल्या देशात हे सरासरी 46-47 व्या वर्षी होतं. खरा त्रास त्याच्या आधीच्या काही वर्षांत जास्त. इस्ट्रोजेन, म्हणजे बाईच्या शरीरातलं मुख्य हार्मोन, एक दिवस वर, एक दिवस खाली. मनःस्थिती सांभाळणाऱ्या मेंदूतल्या रसायनांशी त्याचा संबंध असतो, म्हणून मनही हेलकावतं. बहुतेक जणी यातून निभावून जातात. पण दोन आठवडे झाले तरी रडू थांबत नाही, झोप नाही, जगणं नको वाटतं, तर तो डिप्रेशनचा आजार असू शकतो. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 तपासून घ्या. मग समुपदेशन, गोळ्या, गरज असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानं हार्मोन. गोळ्यांनी गुण येत नसेल किंवा त्या सोसत नसतील, तर चुंबकाच्या उपचाराचा विचार करायचा. त्याला टीएमएस म्हणतात.

तुमच्यापैकी किती जणांच्या विहिरीवरची मोटर जळली आहे? म्हणजे वाइंडिंग तुम्ही पाहिलेलं आहे. तांब्याची तार, वेटोळं. टीएमएसचं यंत्र म्हणजे तसंच तारेचं वेटोळं, बहुतेकदा इंग्रजी आठाच्या आकाराचं, प्लॅस्टिकच्या आवरणात बसवलेलं. त्यातून क्षणभर जोरदार वीज सोडली की चुंबकीय लहर उठते. ती कवटीतून आरपार जाते आणि आतल्या पेशींत अगदी बारीक विद्युतप्रवाह निर्माण करते. हा नियम फॅरडे या शास्त्रज्ञानं 1831 मध्ये दाखवला. माणसाच्या मेंदूवर तो अशा यंत्रानं वापरला इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी, 1985 मध्ये. गोळ्यांनी न हटणाऱ्या डिप्रेशनसाठी अमेरिकेत 2008 साली त्याला मान्यता मिळाली.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या. वीज निर्माण होते ती चुंबकीय क्षेत्र झपाट्यानं बदलतं म्हणून. यात्रेत, प्रदर्शनात चुंबकाचं कडं, चुंबकाची गादी विकतात, त्यातलं चुंबक स्थिर असतं. त्याचा या उपचाराशी काही संबंध नाही. त्यावर पैसे घालू नका.

पहिल्या दिवशी काय होतं? एका काकूंचं सांगते. खुर्चीत बसवलं, कानात बोळे घातले, कारण यंत्र टकटक टकटक असं मोठ्यानं वाजतं. डोक्याच्या डाव्या बाजूला वेटोळं टेकवून एक ठोका दिला आणि त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. काकू अंगठ्याकडे बघतच राहिल्या. "हा मी नाही हलवला," म्हणाल्या. अंगठा हलायला किती जोर लागतो त्यावरून प्रत्येकीची मात्रा ठरते. मग वेटोळं पुढे, कपाळाच्या डाव्या भागावर सरकवतात. डिप्रेशनमध्ये मेंदूचा तो भाग बहुधा मंदावलेला असतो.

हा शॉक नव्हे. भूल नाही, झटका आणत नाहीत, स्मरणशक्ती जात नाही. (शॉकचा उपचारही भूल देऊन केला तर जीव वाचवतो, त्यालाही नावं ठेवू नका.) डोकं दुखतं, टोचल्यासारखं होतं, ते बहुधा काही दिवसांत कमी होतं. फिट येण्याचा धोका फार थोडा, पण आहे. म्हणून पूर्वी फिट आली असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात बसवलेलं यंत्र असेल, पेसमेकर असेल, तर आधीच सांगा. दातातलं सिमेंट चालतं.

आणि हेही स्पष्ट सांगते, या उपचारानं अंगातल्या गरम वाफा थांबत नाहीत. तो डिप्रेशनसाठी आहे. घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना चांगला फरक पडतो, सगळ्यांना नाही.

अडचण आहे ती येण्याजाण्याची. आठवड्यात पाच दिवस, चार ते सहा आठवडे. कापूस वेचणीच्या दिवसांत घरची बाई रोज एसटीनं कोण पाठवणार? पूर्वी एका वेळेला 37 मिनिटं लागायची. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन मिनिटांची नवी पद्धतही तितकीच गुणकारी ठरली. पण प्रवास काही तीन मिनिटांचा होत नाही. म्हणून दादांनो, तुम्हाला पुढे बसवलं. वेचणी चार दिवस मागे पडली तर पडू द्या. खर्च किती, किती वेळा यावं लागेल, हे आधीच विचारून घ्या. आणि घरात कुणी मरणाची भाषा बोलत असेल तर कशाचीच वाट पाहू नका, 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. तो फुकट आहे, मराठीतही बोलतात.

त्या काकूंना तिसऱ्या आठवड्यात सूनबाई घेऊन आली. म्हणाली, "आज सकाळी आत्यांनी डाळीत मीठ कमी आहे म्हणून मला हाक मारली." सहा महिन्यांत त्यांनी जेवणाबद्दल एक शब्द काढला नव्हता. सांगताना सूनबाईचे डोळे भरून आले होते.